सावलीत वाळवायचं खाद्य

ओव्याच्या तेलाचा वास गल्लीभर सुटला, तेव्हा थोरल्याला अभिमानच वाटला होता. माशांच्या खाद्याला कुणी चांगलं म्हटल्याचं त्याच्या आयुष्यात घडलं नव्हतं. एरवी अंगणात खाद्याचं पोतं फोडलं की समोरचा शिंपी खिडकी लावून घ्यायचा, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी लावायचा. या हंगामात त्याच शिंप्यानं खिडकी सताड उघडी टाकली, वर मशीनही खिडकीपाशी ओढलं. महिनाभर चोंदलेलं नाक मोकळं झालं म्हणाला. कोपऱ्यावरचे निवृत्त मास्तर दुपारचा फेरा मुद्दाम या बाजूनं मारू लागले. दोघी शेजारणींनी सर्दी झालेली पोरं आणून अंगणातल्या पत्र्यांपाशी उभी केली आणि लांब श्वास घ्या म्हणून दटावलं. थोरला तापल्या पत्र्यांवरचं खाद्य लाकडी फावड्यानं वरखाली करत होता आणि जो येईल त्याला सांगत होता, की तेल अस्सल आहे म्हणून इतका वास येतो.

तेल अस्सल होतं, यात वाद नाही. ते खाद्यात राहायला हवं होतं, एवढंच.

हे तेल घरात आणलं धाकटीनं, म्हणजे थोरल्याच्या धाकट्या भावाच्या बायकोनं. धाकटा ट्रकवर. तो घरी असण्यापेक्षा फोनवर जास्त असायचा. गावाबाहेरचं माशांचं तळं बघायचं ते थोरल्यानं, त्याच्या बायकोनं म्हणजे थोरलीनं, आणि धाकटीनं. आणि या तिघांना बघायचं ते आईनं, ओट्यावर बसून. मागच्या हंगामात मासे खरेदी करणाऱ्या गाडीवाल्यानं भरलेली गाडी परत आणून दारात रिकामी केली होती. माशांच्या मांसात औषध सापडलं म्हणाला. सापडणारच होतं. चौकातला औषधवाला द्यायचा ती पांढरी पावडर खाद्यात मिसळल्याशिवाय या गावात कुणी माशाला घास घालत नसे. आजार असो, नसो. गाडीवाला जाताना सांगून गेला, की पुढच्या खेपेला पावडरीचा अंश जरी सापडला तरी या तळ्याकडे तो गाडी वळवणार नाही.

मग धाकटी सरकारी मत्स्यकेंद्रावर जाऊन प्रशिक्षण घेऊन आली. येताना ओव्याच्या आणि लवंगेच्या तेलाच्या बाटल्या आणल्या. आजार आल्यावर द्यायचं हे औषध नव्हे, आजार येऊ नये म्हणून आधीपासून रोज थोडं थोडं पोटात जायला हवं, असं तिनं समजावलं. समजावलं म्हणजे थोरलीला. या घरात धाकटी थोरल्या दिराशी थेट बोलत नसे. असा नियम कुणी केलेला नव्हता, त्यामुळे तो मोडायचा कुणी, हेही ठरलेलं नव्हतं. दीर हाताच्या अंतरावर उभा असला तरी ती थोरलीकडे बघून म्हणायची, ‘भाऊजींना सांगा’, आणि थोरली मान वळवून तेच पुन्हा सांगायची. थोरली म्हणजे घरातलं टपाल. फक्त टपालखातं पत्र उघडून वाचत नाही आणि खाली स्वतःच्या दोन ओळी लिहीत नाही, इतकाच फरक.

काम नाजूक होतं. पहाटे धाकटी पिठाची पातळ खळ शिजवायची, निवू द्यायची, मग तिच्यात मोजून तेल घालून ती दुधासारखी पांढरी होईपर्यंत घुसळायची. ती खळ टबातल्या खाद्याच्या गोळ्यांवर ओतून दोन्ही हातांनी अशी कालवायची की एकेका गोळीला चकाकी यावी. मग हात धुवून तळ्यावर निघून जायची. पुढचं काम थोरल्याचं. अंगणाच्या कडेच्या छपरीत गोणपाट अंथरून त्यावर खाद्य पातळ पसरायचं, सावलीत, वाऱ्यावर, आणि हलवत राहायचं. ओलावा गेला की ड्रममध्ये भरून झाकण घट्ट लावायचं.

छपरी होती बुटकी आणि थोरला होता उंच. आत शिरलं की मान खाली घालून, कमरेत वाकून, कोंबडीसारखं फिरावं लागे. पाठ तर त्याची आधीच दुखरी. त्यात सावलीत खाद्य वाळायचं म्हणजे दिवस कलायचा, आणि चहाच्या टपरीवर पत्त्यांचा डाव काही दिवस कलायची वाट बघत थांबत नसे. पहिले काही दिवस तो वाकला. मग एकदा अंगणात पडलेल्या जुन्या पत्र्यांवर त्याची नजर गेली. पत्रे भर दुपारच्या उन्हानं असे तापले होते की अनवाणी पाय ठेवला तर माणूस नाचला असता. त्यानं टब पत्र्यांवर उपडा केला. जेवून हात पुसेपर्यंत खाद्य कुरकुरीत. दिवसभराचं काम दुपारच्या झोपेआधी उरकलं, आणि हे आजवर कुणाला सुचलं कसं नाही, याचं त्याला नवल वाटलं.

शिंप्याच्या बायकोनं वासाची तारीफ केली त्या संध्याकाळी धाकटी जरा थबकली. टब धुता धुता थोरलीला म्हणाली, “खाद्य सावलीतच वाळतंय ना, एवढं भाऊजींना विचारा.”

थोरली वळली. “सावलीतच वाळतंय ना, विचारतेय ती. आणि पोत्यांखालच्या फळ्या कधी लावणार?”

“मी काय कुकुलं बाळ आहे?” थोरला म्हणाला.

हे उत्तर खोटं नव्हतं. ते उत्तरच नव्हतं. पण धाकटीनं मान खाली घालून टब पालथा ठेवला. ड्रम उघडून हुंगून बघावा, तर तेही ती करत होती. पण तिच्या हातांना, कपड्यांना, केसांना तो वास इतका मुरला होता की कोरड्या भिंतीलाही तिला ओव्याचाच वास आला असता.

थंडी सरता सरता हवा बिघडली. दिवसा अंगाची लाही आणि पहाटे पाण्यावर वाफ, असं सुरू झालं. तळ्यातलं पाणी हिरवटाचं मळकट झालं. मग एका सकाळी काठाच्या गवताला टेकून एक मासा उभा दिसला, भिंतीला टेकून उभ्या राहिलेल्या दारुड्यासारखा. थोरल्यानं हात घातला तर तो पळाला नाही. पोटावर लाल चट्टा, खवलं उभी राहिलेली, शेपटीची कड फाटक्या कापडासारखी. दुसऱ्या दिवशी तसे बरेच होते, आणि तिसऱ्या दिवशी पोट वर करून तरंगणारे.

रोज उजाडायच्या सुमारास थोरला कमरेइतक्या पाण्यात उतरून मेलेले मासे झेल्यानं, म्हणजे लांब दांड्याच्या जाळीनं, गोळा करू लागला. पाणी गार, वास गरम. धाकटी काठावर पाटी धरून उभी असे. पाटी भरली की ती बांधापलीकडे नेऊन खड्ड्यात ओतायची, वर चुना टाकायची, आणि परत येऊन उभी राहायची. बोलायची सोय नव्हतीच, कारण थोरली त्या वेळी घरी असे. दोघांच्या मध्ये फक्त मासे होते. एकदा तिनं मेलेला मासा हातात घेऊन बराच वेळ उलटसुलट करून पाहिला, आणि स्वतःशीच पण ऐकू जाईल असं म्हणाली, “माझंच प्रमाण चुकलं असणार.”

थोरल्यानं झेला पाण्यात आपटला. त्याला त्या क्षणी ठाऊक काहीच नव्हतं, पण आपल्याला काहीतरी ठाऊक होणार आहे, असं त्याला वाटलं.

ठाऊक झालं त्याच दुपारी. त्यानं खाद्याचा ड्रम उघडला आणि आत डोकं घातलं. पिठाचा वास आला, जुन्या पेंडेचा आला, गोणपाटाचा आला. ओव्याचा आला नाही. त्यानं मूठभर खाद्य नाकाशी धरून चुरडलं. काही नाही. मग फळीवरची तेलाची बाटली काढून बूच उघडलं, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणीच आलं. तो बाटली हातात घेऊन उभा राहिला. समोर शिंप्याची खिडकी उघडी होती. मास्तर नेहमीचा फेरा मारून, छाती भरून श्वास घेऊन, समाधानानं घरी निघाले होते. सगळ्या गल्लीची सर्दी गेली होती. जे माशांच्या पोटात जायचं ते शेजाऱ्यांच्या नाकात गेलं होतं, आणि त्याबद्दल लोक त्याला धन्यवाद देत होते.

अपराध कळला की माणूस कबूल करतो, असा आपला एक गोड समज असतो. थोरल्यानं आधी वकील नेमला. वकील त्याच्या डोक्यातच राहायचा आणि अशिलाची बाजू झकास मांडायचा: तेल असतं तरी मासे मेलेच असते कशावरून? हवाच अशी होती. सावलीत म्हणजे नेमकं किती सावलीत, हे तिनं कुठं सांगितलं? आणि छपरी बुटकी बांधली कुणी? वडिलांनी. वडील आता नाहीत, म्हणजे त्यांना विचारायचा प्रश्नच मिटला.

वकिलाच्याच सल्ल्यानं त्यानं एक गोष्ट गुपचूप केली. धाकटी तळ्यावर गेल्यावर त्यानं दिवसाच्या खाद्यात लवंगेचं तेल आणखी ओतलं, बुडालेलं सगळं एकदम वसूल व्हावं अशा हातानं, आणि या वेळी ते इमानेइतबारे छपरीत, वाकून, सावलीत वाळवलं. संध्याकाळी धाकटीनं ते तळ्यात फेकलं. धडधाकट उरलेले मासे झेपावून वर आले, गोळ्या तोंडात घेतल्या आणि थुंकल्या. पुन्हा घेतल्या, पुन्हा थुंकल्या. मग तळाशी निघून गेले. पाण्यावर गोळ्या फुगत राहिल्या. धाकटी काठावर उकिडवी बसली होती. तिनं एक फुगलेली गोळी उचलली, हुंगली, पाण्यात सोडून दिली, आणि गुडघ्यांत तोंड घातलं. थोरला बांधावर उभा होता. खोकण्याचीसुद्धा त्याला हिंमत झाली नाही.

एव्हाना गावानं निकाल लावून टाकला होता. टपरीवर पत्ते पिसता पिसता कुणीतरी म्हणालं, माशांना फोडणी घातली की ते मरायचेच. सगळे हसले. थोरलाही हसला, आणि हसताना त्याच्या हातातून पान खाली पडलं. औषधवाला मोटारसायकलवरून मुद्दाम घरी येऊन गेला. तो बोलला फार सभ्यपणे. आईला म्हणाला, सूनबाईंचा हेतू चांगला होता, पण मसाल्याचा डबा आणि दवाखाना यांत फरक असतो. आता तळं त्याला भाड्यानं द्यावं, तो स्वतःच्या माणसांकडून चालवेल, घरच्यांनी आरामात बसावं.

घरात आरामात बसायची पद्धत नव्हती. तळं भाड्यानं गेलं की हात रिकामे होणार, आणि रिकाम्या हातांनी कुठंतरी जायला हवं. थोरल्याची पाठ दुखते, हे सगळ्यांना माहीत होतं. त्यानं ते कुणाच्या लक्षातून जाऊ दिलं नव्हतं. थोरलीला घर होतं. राहिली धाकटी, आणि राहिला बर्फाचा कारखाना.

धाकटी तळ्यावर यायच्या आधी त्या कारखान्यात मासे पेटीत भरायची. पायाखाली पाणी, हातांत बर्फ, दिवसभर. तिच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं तिथंच बधिर झाली ती झालीच. आजही ती चहाचा पेला डाव्या हातानं धरते, कारण उजव्याला भाजलं तरी कळत नाही. कारखाना सोडला त्या दिवशी ती घरी येऊन नुसती उन्हात बसली होती, संध्याकाळपर्यंत, आणि आईसुद्धा तिला काही बोलली नव्हती.

रविवारी आईनं सगळ्यांना ओट्यावर बोलावलं. धाकटा फोनवर हजर होता. फोन पाटावर उताणा ठेवला होता आणि त्यातून ट्रकची घरघर येत होती. आईनं फार लांबण लावली नाही. औषधवाल्याला हो म्हणायचं, आणि धाकटीनं कारखान्यात जाऊन मुकादमाला भेटून यायचं. धाकटी उंबऱ्याशी उभी होती. “बरं,” ती म्हणाली. इतकंच. उजवा हात तिनं डाव्या हातात धरला होता.

थोरल्याचा वकील उठून उभा राहिला. थोरल्यानं त्याला खाली बसवलं.

“चूक तिची नाही,” तो म्हणाला. “खाद्य मी उन्हात वाळवलं. पत्र्यांवर. तेल सगळं उडून गेलं. तिनं सावलीत सांगितलं होतं.”

आईनं त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले.

“बघा,” ती म्हणाली. “याला म्हणतात थोरला. लोकाच्या लेकीला बोल लागू नये म्हणून स्वतःवर घेतोय.”

“आई, मी खरं सांगतोय.”

“तू लहानपणापासून असाच. भावानं काच फोडली की मार तू खायचास.”

काच थोरल्यानंच फोडली होती, पण तो खटला आता कुठं उघडायचा. फोनमधून धाकट्याचा दाटलेला आवाज आला, “दादा, तू देवमाणूस आहेस.” थोरलीनं नाक ओढलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिनं नवऱ्याकडे इतक्या कौतुकानं पाहिल्याचं कुणाला आठवत नव्हतं. त्याला तर मुळीच नाही.

आणि मग धाकटी बोलली. थोरलीकडे न बघता, सरळ त्याच्याकडे बघून.

“किती दिवस वाळवलंत उन्हात?”

थोरला दचकला. “पहिले चारदोन दिवस सोडले तर… रोजच.”

“मी विचारलं होतं तेव्हाही?”

“तेव्हाही.”

“आणि मासे गोळ्या थुंकले त्या दिवशी?”

“त्या दिवशी सावलीत. पण लवंगेचं तेल मीच जास्त ओतलं होतं.”

“पुरे,” आई कडाडली. “दीर तुझ्यासाठी खोटा आळ अंगावर घेतोय, आणि तू त्याची उलटतपासणी करतेस? लाज वाटत नाही?”

थोरल्याला दिसलं की धाकटीचा चेहरा लाल झालाय, आणि हेही दिसलं की आज आणखी एक बोल तिला लागला तो त्याच्या कबुलीमुळे. चूक केली तेव्हा तिला बोलणी बसली, कबूल केली तेव्हाही तिलाच. आता खरं बोलून भागण्यासारखं काही उरलं नव्हतं. तो म्हणाला, “कारखान्यात मी जातो. तळं तिच्याकडे राहू द्या. एक हंगाम तरी.”

हे मात्र सगळ्यांना लगेच पटलं. जो माणूस दुसऱ्याची चूक स्वतःवर घेतो, तो दुसऱ्याचं कामही घेणारच. आईनं औषधवाल्याला निरोप धाडला की या हंगामात नाही.

मुकादमानं थोरल्याला मोठ्या रबरी बुटांची जोडी दिली आणि पेट्यांच्या रांगेत उभं केलं. शेजारी सगळ्या बायका होत्या; त्यांचे हात यंत्रासारखे चालायचे आणि त्याचा प्रत्येक मासा निसटायचा. बर्फ फावड्यानं ओढायचा, मासा ठेवायचा, पुन्हा बर्फ. दुपारपर्यंत बोटं दुखायची. दुपारनंतर दुखायची थांबायची, ते जास्त वाईट होतं. पाठीचं दुखणं तिथं कुणाला सांगण्यात अर्थ नव्हता, कारण रांगेतल्या प्रत्येकीची पाठ त्याच्यापेक्षा जुनी होती. पण त्याची गोष्ट त्याच्याआधी कारखान्यात पोचली होती. भावजयीसाठी बर्फात उतरलेला दीर म्हणून बायका त्याच्याकडे बघायच्या आणि आपापल्या दिरांना नावं ठेवायच्या. त्यानं दोघीतिघींना खरं काय ते सांगून पाहिलं. त्यातल्या एकीनं डोळे पुसले. टपरीवरही सांगितलं; तिथं त्याला चहा फुकट मिळाला. शिंप्यानं तर विजार शिवून दिली आणि शिलाई घेतली नाही. उलट, हल्ली तो वास येत नाही, नाक पुन्हा चोंदलं, अशी तक्रार तेवढी केली.

वास येत नव्हता, कारण खाद्य आता छपरीत वाळत होतं. तळ्यात नवी बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडली होती. जुन्यांपैकी वाचले ते मासे अजून बिचकून असायचे. पुढं काय होईल ते कुणालाच सांगता येत नव्हतं. धाकटीलाही नाही, आणि ती तसं म्हणायचीही. पण तिची पहाट पुन्हा खळीच्या भांड्याशी सुरू होत होती.

कारखान्याला सुट्टी होती त्या दिवशी थोरला अंगणात आला. धाकटी छपरीत गुडघ्यांवर बसून खाद्य पसरत होती. गोणपाटाची पलीकडची कड दुमडली होती आणि तिचा हात तिथवर पोचत नव्हता. थोरली बाहेर धान्य निवडत बसली होती. थोरला कमरेत वाकून आत शिरला आणि कड धरायला त्यानं हात पुढं केला.

“तुम्ही नको, भाऊजी,” धाकटी म्हणाली. “खाद्याला हात लावू नका.”

आवाज चढलेला नव्हता. पातेलं गरम आहे हे सांगावं, तसं तिनं सांगितलं, आणि उठून, वळसा घालून, ती कड स्वतः सरळ केली.

थोरलीनं सूप खाली आपटलं. “अगं, कुणाला बोलतेस? ज्या माणसानं तुझ्यासाठी—”

“तू गप बस,” थोरला म्हणाला.

तो तसाच वाकलेला मागं सरकला आणि छपरीबाहेर येऊन सरळ उभा राहिला. आई, भाऊ, बायको, शिंपी, टपरी, कारखाना, सगळ्यांना खरं सांगून झालं होतं. त्याच्यावर विश्वास ठेवणारं माणूस निघालं ते हे एकच. त्यानं बधिर बोटं काखेत धरली आणि ती खाद्य पसरत असताना, तिच्या कामावर सावली पडणार नाही इतक्या अंतरावर, बराच वेळ उभा राहिला.